जुन्या साच्यातले नॅट : एअरफिक्सच्या १/७२ किटचे परीक्षण

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे फॉलंड नॅट या छोट्या जेट विमानाचे जुने किट, म्हणजे चिकटवून मॉडेल करायच्या प्लास्टिकच्या भागांचे खोके, आजच्या किटांच्या शेजारी ठेवले, तर त्याच्या उणिवा पाच मिनिटांत मोजून होतात. साचा १९६०च्या दशकातला आहे. पत्र्यांच्या जोडरेषा खोदलेल्या नसून पृष्ठभागावर उठून दिसतात, वैमानिकांच्या कक्षात आसने आणि माणसे यांपलीकडे दाखवण्यासारखे फारसे काही नाही, आणि धडाच्या दोन बाजू एकमेकींना टेकवून दिव्यासमोर धरल्या की मधून उजेड आरपार येतो. एवढे सगळे ठाऊक असूनही लाल प्लास्टिकमधले हे किट मी यंदा मुद्दाम शोधून घेतले, सावकाश पूर्ण केले, आणि ज्यांच्या लहानपणी असे एखादे खोके घरात आले होते त्यांनी ते अवश्य घ्यावे असे माझे मत झाले आहे.

किट १/७२ या प्रमाणातले आहे, म्हणजे प्रत्यक्षातले सहा फूट मॉडेलवर बरोबर एक इंच होतात. या प्रमाणातली प्लास्टिकची किटे १९३६ साली फ्रॉग या ब्रिटिश कंपनीने पेंग्विन या नावाने आणली होती. युद्धानंतर पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक आले, आणि १९५३ सालच्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या किटपासून एअरफिक्सने हा छंद तिकडच्या शाळकरी मुलांच्या खाऊच्या पैशांत बसवला. नॅट मुळातच चणीने लहान. किटमध्ये आहे ते दोन आसनी प्रशिक्षण विमान, त्याच्या पंखांचा विस्तार ७.३२ मीटर आणि लांबी ९.६८ मीटर. त्यामुळे मॉडेलची लांबी जेमतेम साडेतेरा सेंटीमीटर भरते आणि पूर्ण झालेले विमान तळहातावर उभे राहते.

पुण्यात १९७०-८०च्या दशकांत वाढलेल्या मुलांना विमान ही पुस्तकातली वस्तू नव्हती. लोहगावच्या तळावरून उडालेली हवाई दलाची विमाने शाळेच्या मैदानावरून जायची, आणि कॅनबेरा कोणते, हंटर कोणते हे आवाजावरून सांगणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असायचा. किट मिळणे मात्र दुर्मीळ होते. परदेशी खेळणी सहजासहजी येत नसत. इंग्लंडातून किंवा आखातातून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेत साड्या आणि अत्तरांच्या मधोमध एखादे चपटे खोके निघायचे, नाही तर कॅम्पातल्या एखाद्या दुकानाच्या काचेमागे ते दिसायचे, आणि पेठेतली मुले तिथवर सायकल हाणत जाऊन नुसते पाहून परत यायची. खोक्यावरचे चित्रच इतके भारून टाकणारे असे की आतले प्लास्टिक त्यापुढे दुय्यम ठरायचे. रॉय क्रॉस हे चित्रकार १९६४पासून एअरफिक्ससाठी काम करू लागले आणि त्यानंतरच्या दशकभरातली त्यांची खोक्यांवरची चित्रे आजही संग्राहक जपून ठेवतात. तिरपे झालेले विमान, त्याच्या पंखावर पडलेला उन्हाचा पट्टा आणि मागे खूप खोल गेलेली जमीन, हे सगळे कागदावर असूनही वेगाने अंगावर आल्यासारखे वाटे.

माझ्या हाती आलेले खोके कोणाच्या तरी संग्रहातून विक्रीला निघालेले, एका कोपऱ्यात दबलेले, पण आतून न उघडलेले होते. पिशवी फाडल्यावर चौकटींना लटकलेले लाल भाग हातात येतात तेव्हा पहिली जाणीव होते ती संख्येची: भाग अगदी थोडे आहेत. धडाच्या दोन बाजू, पंख, शेपटी, चाके, आसने, कॅनोपी म्हणजे वैमानिकांवरची पारदर्शक काच, आणि किरकोळ तुकडे. आजच्या किटात नुसत्या वैमानिक कक्षातच याहून अधिक तुकडे भरतात. या किटचा खरा गुण मला इथेच दिसतो. थोडे भाग असल्यामुळे विमानाचा आकार पहिल्याच बैठकीत उभा राहतो, आणि उरलेला सगळा संयम त्या आकाराला सुधारण्यात घालवता येतो. दिवाळीत तयार प्लास्टरचा किल्ला आणून मांडणे आणि माती कालवून अंगणात किल्ला उभारणे यांत जो फरक असतो, तसाच काहीसा फरक नव्या आणि जुन्या किटांत आहे. नव्या किटात तपशील कारखान्यातून येतो, जुन्यात तो आपल्याला घालावा लागतो.

कामाला लागण्यापूर्वी सगळ्या चौकटी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवाव्यात, कारण साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. भाग पिळून तोडू नयेत, लहान कटरने चौकटीपासून थोडे दूर कापून उरलेला कोंब पात्याने छाटावा. इतक्या वर्षांत साचा झिजल्यामुळे भागांच्या कडांना प्लास्टिकची पातळ पापडी आलेली असते, तीही पात्याने खरवडून काढावी लागते. हे सगळे किरकोळ वाटते, पण चाकाच्या दांड्यासारखा बारीक भाग बोटांत धरून त्याची पापडी काढताना खोलीतले बाकी सगळे विसरायला होते.

चिकटवण्यासाठी जुन्या ट्यूबमधला दाट गोंद वापरू नये. तो तारा सोडतो, आणि लहानपणीच्या प्रत्येक मॉडेलच्या काचेवर त्याचाच ठसा उमटलेला असायचा. बाटलीतले पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडण्याचा द्राव, अधिक चांगले: दोन भाग घट्ट धरून फटीला नुसता ब्रश टेकवला की द्राव आपोआप फटीत धावतो, दोन्ही कडा किंचित विरघळवतो, आणि दाबल्यावर मऊ झालेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर येते. ती कड आली म्हणजे जोड खरा बसला. काम उघड्या खिडकीजवळ करावे आणि लहान मुलांच्या हाती हे सिमेंट एकट्याने देऊ नये.

यानंतर येते ती या किटमधली सर्वांत मोठी मेहनत, आणि मला सर्वांत आवडलेला भाग. पंख धडाला जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंना सारखी नसलेली फट राहते. परदेशी मॉडेल पुट्टीची गरज नाही. गाडीचे रंगारी ओरखडे बुजवायला वापरतात ती एन. सी. पुट्टी बोहरी आळीत सहज मिळते आणि या कामाला उत्तम चालते. ती एकाच वेळी जाड थापू नये, कारण वाळताना ती आक्रसते आणि तिच्यातला थिनर पातळ प्लास्टिक वाकवतो. पातळ थर द्यावा, रात्रभर सोडावा, मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून आधी चारशे नंबरने आणि शेवटी हजार नंबरने घासावे. ओल्या लाल पृष्ठभागावरून पुट्टीचा राखाडी गाळ पुसला की तिचा एक पातळ पट्टा उरतो, त्यावर बोट फिरवले तर पंख कुठे संपला आणि धड कुठे सुरू झाले हे कळत नाही. तिथल्या उठावदार रेघा घासताना जातात, हे खरे आहे. त्या परत कोराव्यात की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. मी कोरल्या नाहीत, कारण ७२ पट लहान केलेल्या विमानावर जोडरेषा एवढ्या ठळक दिसण्याचे कारणच नाही.

नॅटला नाकाखाली एक चाक आणि मागे दोन असतात, म्हणून चाकांवर उभे करायचे असेल तर धड बंद करण्यापूर्वी नाकात वजन भरावे, नाही तर मॉडेल शेपटीवर बसते. मासेमारीच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या उपयोगी पडतात. मात्र त्या फेविकॉलने बसवू नयेत, बंद जागेत पांढरा गोंद शिशावर वर्षानुवर्षे परिणाम करत राहतो आणि काही जुनी मॉडेले त्यामुळे आतून उकललेली आहेत, एपॉक्सी वापरावा. याउलट कॅनोपीसाठी फेविकॉलच योग्य. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने काच धुरकट होते, फेविकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या कापडाने पुसता येतो.

रंगाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. प्लास्टिक लाल असले तरी त्यावर रंग द्यायलाच हवा, कारण पुट्टीचे राखाडी पट्टे लपत नाहीत आणि नुसते रंगीत प्लास्टिक खेळण्यासारखे चमकते. आधी प्रायमर, मग लालचे पातळ थर. पावसाळ्यात एनॅमल वाळायला कंटाळा येईल इतका वेळ लागतो, तेव्हा हे काम पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात काढावे.

डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा, हा जुन्या खोक्यांचा कायमचा दुखरा भाग. माझ्या कागदावरचा पारदर्शक थर पिवळट झाला होता. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवला आणि पुण्याच्या एप्रिलच्या उन्हाने तो पिवळेपणा बराचसा उतरला. तरीही पाण्यात घालण्याआधी एखाद्या निरुपयोगी डिकलवर प्रयोग करून पाहावा. ते तुकडे होऊन तरंगू लागले, तर संपूर्ण कागदावर आधी क्लिअर वार्निशचा हात मारून प्रत्येक डिकल कडेने कापून घ्यावे. या किटमधल्या पांढऱ्या शाईतून खालचा लाल रंग थोडा डोकावतो. शेपटीवरचे लाल-पांढरे-निळे पट्टे म्हणूनच मी मास्किंग टेप लावून ब्रशने रंगवले, आणि ते डिकलपेक्षा अधिक स्वच्छ आले.

हे विमान आपले आहे का, हा प्रश्न मराठी वाचक नक्की विचारेल, आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे. खोक्यातले नॅट ब्रिटिश हवाई दलाच्या रेड ॲरोज या कसरती करणाऱ्या पथकाचे आहे, ज्यांनी १९६५ ते १९७९ या काळात हे दोन आसनी विमान वापरले. आपल्या हवाई दलाकडे होते ते एक आसनी लढाऊ नॅट. हिंदुस्थान एरॉनॉटिक्सने ते बंगळूरला बांधले, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर हल्ला झाला तेव्हा निर्मलजितसिंग सेखों ज्या विमानातून एकटे लढले तेही तेच. हवाई दलाला आजवर मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे. लढाऊ नॅटच्या पंखांचा विस्तार ६.७३ मीटर आणि लांबी ८.७४ मीटर, शेपटी लहान, हवा घेणाऱ्या तोंडांत ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. मागचे आसन काढून आणि नवी कॅनोपी लावून प्रशिक्षण विमानाचे लढाऊ विमान करता येईल असे काही जण सांगतात, पण पंखच निराळे असल्यामुळे ते धडपणे जमत नाही. भारतीय खुणांचे नॅट किंवा त्याचा पुढचा अवतार अजित हवा असेल, तर चेक कंपनी स्पेशल हॉबीची १/७२ प्रमाणातली किटे घ्यावीत. ती तपशिलाने कितीतरी सरस आहेत, मात्र नवख्याच्या हाताला अवघड जातात.

तरी या लाल नॅटचे आपल्याशी एक वेगळे नाते आहेच. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांनी लढाऊ विमाने दिवसेंदिवस जड आणि महाग होत चालल्याचे पाहून मुद्दाम हे हलके विमान आखले, आणि १८ जुलै १९५५ रोजी ते प्रथम उडाले. याच पेटर यांनी त्यापूर्वी वेस्टलँड कंपनीत लायसँडर आणि इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये कॅनबेरा आखले होते. लायसँडर घेऊन आपले पहिले स्क्वॉड्रन १९४२ साली ब्रह्मदेशात लढले, कॅनबेरा लोहगावहून उडत असे आणि २००७पर्यंत हवाई दलाच्या सेवेत राहिले. एअरफिक्सने या तिन्ही विमानांची किटे काढली आहेत. एका माणसाच्या डोक्यातून निघालेली तीन इतकी निराळी विमाने, तिन्ही आपल्या हवाई दलाच्या इतिहासाला लागून असलेली, एकाच प्रमाणात एका फळीवर मांडता येतात. नॅट झाल्यावर मी लायसँडर शोधायला लागलो आहे तो याचसाठी.

एअरफिक्सने पुढे याच दोन आसनी नॅटचा नवा साचा केला. ज्याला फक्त शोकेसमध्ये ठेवायला नीटनेटके लाल विमान हवे, किंवा दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिले किट द्यायचे आहे, त्याने नवेच घ्यावे. त्याचे भाग न कुरकुरता बसतात. या कंपनीच्या अलीकडच्या अनेक खोक्यांवर ते भारतात तयार झाल्याचे छापलेले असते, ही इथल्या गिऱ्हाइकाला सुखावणारी गोष्ट आहे. जुने खोके घेणाऱ्याने मात्र किंमत ठरवण्याआधी आतल्या भागांचे फोटो मागावेत. कोपरे दबलेले असले तरी चालतात, डिकल्स पिवळी असली तरी उपाय आहे, चाकाचा दांडा हरवला तर तारेचा करता येतो. कॅनोपीला तडा गेलेला असेल तर ते खोके घेऊ नये, कारण तो एकच भाग घरी करणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.