तोल मोजणारा कमरेचा सेन्सर: दिवाळी ते आषाढ वापरून

सासूबाई ७६ वर्षांच्या. अमळनेरच्या जुन्या घरात आम्ही राहतो. मी आणि नवरा दिवसभर कामावर, त्या घरी एकट्या. म्हणून दिरांनी पुण्याहून हा सेन्सर पाठवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या जातीची यंत्रं साधारण सारखीच: चालण्याचा वेग, पावलाची लांबी, दोन्ही पाय सारखे पडतात का, हे कमरेवरून मोजायचं आणि पडण्याचा धोका फोनवर हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात दाखवायचा.

पहिली अडचण नऊवारीची. क्लिप पँटच्या पट्ट्यासाठी केलेली. लुगड्यात खोचली की सरकते, फिरते, आकडे बिघडतात. शेवटी शिंप्याकडून कापडी पट्टा शिवून घेतला. तरी पाटावर बसणं-उठणं त्याला समजत नाही. त्या जरा दाणकन खाली बसल्या की दिरांच्या फोनवर ‘पडल्या का?’ अशी सूचना. लगेच त्यांचा फोन, आणि सासूबाईंचं ठरलेलं उत्तर, “माले काय व्हयनं?” आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बंगईवर बसून झोके घेतले, त्या आठवड्याचा आलेख तर बघण्यासारखा होता.

पण एक काम त्याने चोख केलं. चैत्र संपता संपता, आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडून गेल्यावर, हिरवा रंग पिवळा झाला. चाल हळूहळू मंदावत होती. रोज बघणाऱ्या आम्हाला ते जाणवलं नव्हतं. का मंदावली, हे मात्र यंत्र सांगत नाही. डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका धरतात. त्यांचा वरचा त्याहून जास्त उतरला. लघवी वाढवणारी बीपीची गोळी, त्यात हा उन्हाळा, आणि सारखं मोरीत जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याची सवय. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, पाणी वाढवलं. जूनमध्ये पुन्हा हिरवा.

या हिरव्यावर विसंबणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. मेमध्ये त्या रात्री उठल्या, कूलरखाली सांडलेल्या पाण्यावरून पाय सरकला आणि दाराची चौकट हातात आली म्हणून वाचल्या. तेव्हा पट्टा खुंटीवर होता. झोपताना कोण बांधतं? उंच उंबरा, ओली मोरी, रात्री गेलेली लाइट, घसरणारी चप्पल, यांतलं काहीच कमरेवरून मोजता येत नाही.

उलट पिवळ्या रंगाचा एक त्रासच झाला. घरातले सगळे त्यांना ‘बसा, उठू नका’ म्हणू लागले. फिजिओथेरपिस्टने आम्हालाच झापलं: बसून राहिलं की मांड्यांतली ताकद जाते आणि धोका वाढतो. तिने न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या पद्धतीचे व्यायाम शिकवले. ओट्याला धरून टाचा उचलणं, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं, एका पावलापुढे दुसरं लावून उभं राहणं. सासूबाईंनी नाकं मुरडत का होईना, धरून ठेवलेत.

तिनेच एक फुकटची चाचणीही दाखवली. खुर्चीवरून उठायचं, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका समजायचा. तेवढ्यावरून कोण पडणार हे ठरत नाही, आणि आधी कधी पडलात का हा साधा प्रश्नही तितकाच कामाचा, असं तिचं म्हणणं. महिन्यातून एकदा मी मोबाइलवर वेळ लावते. यंत्राचा रंग आणि माझे सेकंद बहुतेक वेळा एकाच बाजूला जातात.

मग घ्यावं का? म्हातारं माणूस दूर एकटं राहत असेल, रोज बघणारं कोणी नसेल, तर चाल बिघडत चालल्याची खबर मिळते, तेवढ्यासाठी घ्या. घरात माणूस असेल तर मी नाही म्हणेन. आमची वर्गणी दिवाळीत संपते, ती पुन्हा भरणार नाही. तोवर मोरीत धरायला दांडी, पलंगापासून मोरीपर्यंत चार्जिंगचे छोटे दिवे आणि कूलर खिडकीबाहेर, एवढं करायचं दिरांनी कबूल केलंय. दांडी बसली, कूलरचा सुतार अजून यायचाय.