सोलापूरच्या होटगी रोडवरील ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बूस्ट कंट्रोलर: काम कसं झालं

माझी ऑक्टाव्हिया आरएस 2004 ची, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल. वडिलांची गाडी, म्हणून तिला कुणी हात लावला की माझा जीव वरखाली होतो. तरी मार्चमध्ये चुकलोच. टर्बो इंजिनात किती दाबाने हवा भरतो (म्हणजे बूस्ट) ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर मागवला आणि ओळखीच्या गॅरेजात बसवून घेतला. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला, बूस्टचा काटा सरसर चढला आणि गाडी एकदम मेल्यासारखी झाली. जादा बूस्ट पकडून ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, पॉवर तोडली होती. तोडली म्हणूनच इंजिन वाचलं.

मग आसरा चौकाजवळच्या या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. बॉनेट उघडून त्यांनी पहिल्यांदा हातपंप घेतला. सोलेनॉइडचा, म्हणजे कंट्रोलरच्या विजेवर चालणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हचा, करंट काढला, टर्बोकडच्या पाइपातून हवा भरली आणि मला वेस्टगेटच्या (उघडली की बूस्ट रोखणारी टर्बोची झडप) ॲक्च्युएटरचा, म्हणजे ती उघडणाऱ्या भागाचा, रॉड बघायला लावला. रॉड जागचा हलेना.

"करंट गेला तरी हवा ॲक्च्युएटरला पोचली पाहिजे ओ दादा. पाइपा उलट्या लावल्यात. वेस्टगेट उघडणारच नाही, मग बूस्ट थांबणार कसा?"

पाइपांची जागा बदलून पुन्हा पंप मारला, रॉड सरकला. खात्रीसाठी मी स्वतः दोनदा मारून पाहिला. एवढ्यासाठी तरी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

वायरिंगही सगळं नव्याने केलं. आधीच्या जोडांवर वायरी पिळून नुसती टेप गुंडाळलेली. आपल्या उन्हात तिचा चिकटा वितळून हाताला लागत होता. यांनी प्रत्येक जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवली. सप्लाय चावी फिरवल्यावरच येणाऱ्या लाइनवरून, मध्ये 5 अँपिअरचा फ्यूज. अर्थसाठी बॉडीचा रंग खरवडून बोल्ट घट्ट केला. सोलेनॉइड इंजिनवर न बसवता बाजूच्या पत्र्यावर घेतला, म्हणजे उष्णता आणि थरथर दोन्ही कमी. कंपनीच्या एन75 व्हॉल्व्हचा (गाडीचा मूळ बूस्ट व्हॉल्व्ह) प्लग मात्र जोडलेलाच ठेवला, नाहीतर ईसीयू फॉल्ट दाखवतो.

सेटिंग सगळ्यात खालून सुरू केलं. दर वेळी थोडं वाढवायचं, तुळजापूर रोडला चक्कर मारायची, काटा बघायचा. 0.7 बारला त्यांनी हात थांबवला. मी अजून मागितलं, तर साफ नाही म्हणाले: मे महिन्यात 42-43 अंशांत आत जाणारी हवाच तापलेली असते, इंजिन नॉक करायला लागेल (पेट्रोल आत आपोआप पेटून ठोके बसतील), पुढे जायचं तर ईसीयूचं मॅपिंग, म्हणजे त्यातली सेटिंग बदलणं, हवं. पेट्रोलही 95 ऑक्टेनचंच टाकायला सांगितलं.

मजुरी 2,800 रुपये. एका दिवसाचं काम दोन दिवसांवर गेलं आणि फोन उचलत नाहीत, त्यामुळे मला तीन खेपा पडल्या. पण कुठली वायर कुठून कुठे गेली, त्याचा नकाशा त्यांनी पुठ्ठ्यावर काढून दिला. तो मी वडिलांच्या जुन्या सर्व्हिस बुकात ठेवलाय.