वाळवंटात आईस हॉकी: पाम डेझर्टचं ॲक्रिशर अरीना आणि फायरबर्ड्स

लॉस एंजेलिसहून इंटरस्टेट १० ने पूर्वेकडे साधारण १९० किलोमीटर गेलं की कुक स्ट्रीटच्या एक्झिटला, महामार्गाच्या उत्तरेला ॲक्रिशर अरीना लागतं. आजूबाजूला वाळू, पवनचक्क्या मागे पडलेल्या आणि समोर उघडे डोंगर. आत मात्र वर्षातले सात-आठ महिने बर्फ. डिसेंबर २०२२ मध्ये उघडलेल्या या प्रेक्षागारात हॉकीसाठी सुमारे दहा हजार माणसं बसतात आणि कोअचेला व्हॅली फायरबर्ड्स हा संघ इथे खेळतो. तो अमेरिकन हॉकी लीगमधला, म्हणजे एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या सर्वांत वरच्या लीगच्या लगेच खालच्या पायरीवरचा. या लीगमध्ये ३२ संघ आहेत, एनएचएलच्या प्रत्येक संघाला एक. फायरबर्ड्स हे सिअ‍ॅटल क्रॅकनचं पोर.

सामना पाहायला जागा उत्तम आहे, संघ सुरुवातीपासून तगडा आहे आणि वाळवंटात हॉकी टिकायला जे लागतं ते इथे जवळजवळ सगळं आहे. खटकण्यासारख्या गोष्टीही आहेत, पण त्या बर्फाच्या नाहीत. रस्त्याच्या आणि कॅलेंडरच्या आहेत.

बर्फाचंच आधी सांगायला हवं, कारण बाहेर चाळीस अंश असताना आत बर्फ कसा राहतो ही शंका सगळ्यांनाच येते. रिंक म्हणजे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद काँक्रीटचा ओटा. त्याच्या पोटात पाइपांचं जाळं असतं आणि त्यातून शून्याखाली आठ-नऊ अंशांपर्यंत गार केलेलं मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल फिरत राहतं. त्यावर पाणी एकदम ओतत नाहीत. आधी अगदी पातळ फवारे मारून थर गोठवतात, मग पांढरा रंग, मग रेषा आणि बोधचिन्हं, आणि त्यावर पुन्हा थरावर थर. शेवटी जाडी भरते जेमतेम तीन सेंटिमीटर. यापेक्षा जाड बर्फ केला तर खालची थंडी वरपर्यंत नीट पोचत नाही आणि पृष्ठभाग मऊ पडतो. पातळ केला तर स्केटच्या पात्याने खालचा रंग उघडा पडतो.

बर्फाला उष्णतेपेक्षा दमटपणाचा त्रास जास्त. दमट हवा थंड पृष्ठभागाला लागली की दंव धरतं, काचा धूसर होतात, बर्फावर खरबरीत साय येते आणि पक (खेळातली रबरी चकती) उड्या मारायला लागतो. हिवाळ्यात या खोऱ्यातली हवा कोरडी ठणठणीत असते, त्यामुळे जानेवारीत इथे चांगला बर्फ राखणं हे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर राखण्यापेक्षा सोपं. ओलावा येतो तो प्रेक्षकांच्या श्वासातून, आणि मालाचे मोठे दरवाजे उघडे राहिले तर गरम हवा येते. म्हणून हवा खेचून कोरडी करणारी यंत्रणा आणि दरवाज्यांची शिस्त, या दोन गोष्टी नीट सांभाळल्या की पुढचं काम सरावाचं.

पाणी कसलं वापरतात हेही महत्त्वाचं. क्षार असलेलं जड पाणी गोठताना क्षार मागे राहतात, बर्फ ढगाळ आणि ठिसूळ होतो. त्यामुळे गाळून क्षार काढलेलं पाणी वापरावं लागतं. सामन्याच्या तीन पिरियडपैकी दोहोंच्या मध्ये झॅम्बोनी ही बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरते तेव्हा तिच्याकडे नीट पाहा: पुढचं पातं बर्फाचा पापुद्रा खरवडतं, मग धुणं होतं, आणि मागचं ओलं फडकं साठ अंशांच्या आसपासचं गरम पाणी पसरत जातं. गरम पाण्याने वरचा थर किंचित वितळतो, स्केटने पाडलेल्या भेगांत पाणी उतरतं आणि सगळं एकजीव गोठतं. (वाळवंटात बर्फ हे नवल वाटत असेल तर हेही ठाऊक असावं की ही गाडी फ्रँक झॅम्बोनी यांनी १९४९ मध्ये तयार केली ती इथून दोन तासांवरच्या पॅरामाउंट गावात, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उन्हातच.)

वाळवंटात याआधी बरेच हॉकी संघ बुडाले. मग ते कसे? त्यांच्या शेवटाकडे एकेक करून पाहिलं तर बर्फ वितळल्याने कुणीच गेलं नाही. बहुतेक भाडेकरू म्हणून गेले. लास वेगास थंडर १९९३ ते १९९९ विद्यापीठाच्या थॉमस अँड मॅक सेंटरमध्ये खेळला. करार वाढवून मिळाला नाही आणि संघ बंद झाला. त्यानंतर लास वेगास रँग्लर्स २००३ पासून ऑर्लिन्स कॅसिनोच्या अरीनात खेळले. मध्यरात्री सामना ठेवण्यासारख्या कल्पना लढवून त्यांनी लोक जमवले, पण २०१४ मध्ये जागेचा करार संपला आणि संघ पुन्हा उभा राहिला नाही. फिनिक्स रोडरनर्स २००५ ते २००९ बास्केटबॉलच्या अवाढव्य अरीनात खेळले. तिसऱ्या पायरीच्या लीगचा सामना एवढ्या मोठ्या जागेत ठेवला की अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या दिसणार आणि खर्च मात्र भरलेल्या अरीनाचा होणार. एनएचएलच्या ॲरिझोना कायोटीजचंही वेगळं काही झालं नाही. ग्लेनडेल शहराने घर काढून घेतलं, टेम्पीच्या मतदारांनी मे २०२३ मध्ये नवं प्रेक्षागार नाकारलं, पाचेक हजार खुर्च्यांच्या मलेट अरीनात दोन हंगाम काढले आणि २०२४ मध्ये खेळाडू यूटाला गेले.

फायरबर्ड्सचा पाया इथेच वेगळा पडतो. अरीना उभारणाऱ्या ओक व्ह्यू ग्रुपनेच संघ उभा केला, म्हणजे घरमालक आणि भाडेकरू एकाच बाजूचे. तारखा ठरवताना संघाला कुणापुढे हात पसरावे लागत नाहीत. शिवाय मुख्य रिंकला लागूनच दुसरी रिंक आहे, बर्गर फाउंडेशन आइसप्लेक्स. वरवर पाहता ही जोडवस्तू वाटेल, पण लहान लीगच्या दृष्टीने तीच निम्मा संसार सांभाळते. मुख्य बर्फावर उष्णतारोधक फळ्या टाकून कॉन्सर्ट चालू असली तरी संघ शेजारी सराव करू शकतो. संध्याकाळी तिथेच गावातली मुलं स्केटिंग शिकतात. ज्या गावात कुणी स्केट पायात घातलेलं नाही तिथे सीझन तिकीट विकणं अवघड. मुलगा शनिवारी सकाळी खेळतो म्हटल्यावर घरचे चौघे संध्याकाळी सामन्याला येतात. ॲरिझोनातल्या टूसानच्या रोडरनर्सना, म्हणजे याच लीगमधल्या दुसऱ्या वाळवंटी संघाला, हा आराम नाही. ते १९७१ च्या जुन्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये खेळतात, तिथे फेब्रुवारीत शहराचं प्रसिद्ध रत्न-खनिज प्रदर्शन भरतं आणि वेळापत्रक त्याभोवती बेतावं लागतं. तरीही २०१६ पासून तो संघ टिकून आहे, याचं श्रेय द्यायलाच हवं.

दुसरी जमेची बाजू हंगामाची. हॉकी ऑक्टोबर ते एप्रिल चालते आणि या खोऱ्याचा पाहुण्यांचा मोसमही नेमका तोच. थंडीत उत्तरेकडून आणि कॅनडातून निवृत्त मंडळी इथे मुक्कामाला येतात. त्यांना हॉकी शिकवावी लागत नाही. तीच मंडळी शेजारच्या नवख्याला नियम समजावतात. मात्र याच गोष्टीत धोकाही आहे. २०२५ मध्ये कॅनडातून अमेरिकेत येणाऱ्यांची संख्या चांगलीच घटली, आणि पाहुण्यांवर ज्यांचं गणित चालतं त्यांना ती जाणवणारच. कायमच्या रहिवाशांतून, त्यातही खोऱ्यातल्या मोठ्या स्पॅनिशभाषक वस्तीतून प्रेक्षक घडवल्याशिवाय पुढची दहा वर्षं निघणार नाहीत.

तिसरी बाजू पालक संघाची. २०२१-२२ मध्ये क्रॅकनचे होतकरू खेळाडू देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला खेळत होते. दुपारी बोलावलेला खेळाडू रात्रीच्या सामन्याला सिअ‍ॅटलला पोचणं अशक्य. पाम स्प्रिंग्जहून थेट विमानाने तीन तासांच्या आत पोचता येतं. याच कारणासाठी २०१५ मध्ये लीगचे पाच संघ एकदम कॅलिफोर्नियात आले होते. आज ओंटॅरिओ (कॅनडातलं नव्हे, कॅलिफोर्नियातलं), सॅन डिएगो, बेकर्सफील्ड, हेंडरसन आणि टूसान हे सगळे बसच्या अंतरात आहेत. प्रवासखर्च आटोक्यात राहतो आणि वारंवार गाठ पडल्याने चुरसही तयार होते.

मैदानावर काय दिसतं? खेळ वेगवान आणि कच्चा, दोन्ही. लीगच्या नियमानुसार सामन्यातल्या १८ स्केटर्सपैकी (गोलरक्षक सोडून) किमान १३ जण कमी व्यावसायिक सामने खेळलेले, म्हणजे अजून घडत असलेले असावे लागतात. म्हणून पास चुकतात, पण पळणं जिवाच्या आकांताने असतं. पहिल्याच हंगामात संघ काल्डर कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत गेला आणि २१ जून २०२३ ला, याच अरीनात, सातव्या सामन्याच्या जादा वेळेत हर्शी बेअर्सकडून २-३ हरला. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी आणि पुन्हा हर्शीच. पहिल्या हंगामातला गोलरक्षक जोई डॅकॉर्ड नंतर क्रॅकनचा मुख्य गोलरक्षक झाला. प्रशिक्षक डॅन बायल्स्मा २०२४ मध्ये सिअ‍ॅटलला गेले. ज्याचं नाव पाठीवर छापून जर्सी घ्याल तो वर्षभरात निघून जाण्याची शक्यता दाट, त्यामुळे नाव न छापलेली जर्सी घेतलेली बरी.

जागा निवडताना काचेला चिकटून बसायचा मोह आवरा. धडका जवळून दिसतात, पण पलीकडच्या गोलपाशी काय चाललंय ते कळत नाही. दहाव्या ते पंधराव्या रांगेत, कोपऱ्याकडे बसलं की पूर्ण रिंक दिसते आणि डावपेच उमगतात. घरचा संघ पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये आपल्या बाकाकडचा गोल राखतो, म्हणून फायरबर्ड्सचे गोल जवळून पाहायचे तर पाहुण्यांच्या बाकाकडची बाजू घ्या. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात, खेळाडू बदलायला बाक लांब पडतो, दमलेले पाय बर्फावर अडकतात आणि गोल जास्त होतात. नेमक्या त्या वेळी खायला उठू नका. लागोपाठ दोन दिवस सामने असतील तर दुसऱ्या दिवशी बहुधा राखीव गोलरक्षक उभा राहतो. पहिल्या दिवसाचं तिकीट घ्यावं. आत गारवा असतो, खालच्या रांगांत तर हुडहुडी भरते. मुलांना स्वेटर आणि बंद बूट हवेतच, बाहेर अर्ध्या चड्डीचं हवामान असलं तरी.

आता उणिवा. आधी हे प्रेक्षागार पाम स्प्रिंग्जच्या मध्यवस्तीत व्हायचं होतं, चालत जाता आलं असतं. महामार्गालगत आल्याने गाडीशिवाय पर्याय नाही. चालत जाण्याजोगं काही नाही, जेवायचं तर आधी पाम डेझर्टच्या एल पासेओ या बाजाररस्त्याकडे उरकून यावं. सामना सुटल्यावर सगळ्या गाड्या एकाच वेळी महामार्गाच्या तोंडाशी येतात. प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) जून महिन्यापर्यंत लांबले तर कूलिंग टॉवर दिवसभर राबतात, पाणी आणि वीज दोन्ही खातात, शिवाय तोवर पाहुणे आपापल्या गावी परतलेले असतात. जिंकणारा संघ वाळवंटात नेमका त्या महिन्यात महाग पडतो, आणि यावर अजून कुणाकडे सोपा उपाय नाही.

लॉस एंजेलिस, अर्व्हाइन किंवा सॅन डिएगोकडून जोशुआ ट्रीच्या सहलीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हा सामना सहज जोडता येईल. शुक्रवारी संध्याकाळी निघाल्यास दोन तासांचा रस्ता साडेतीन तास खातो आणि पहिला पिरियड हुकतो, म्हणून शनिवारचा सामना धरा. मार्चमध्ये इंडियन वेल्सची टेनिस स्पर्धा आणि एप्रिलमध्ये इंडिओचे संगीत महोत्सव असतात, तेव्हा हॉटेलांचे दर गगनाला भिडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम: बर्फ टणक असतो, संघात अजून फार पडझड झालेली नसते. ओंटॅरिओ किंवा सॅन डिएगोविरुद्धची तारीख मिळाली तर पाहुण्यांचे समर्थकही गाड्या भरून आलेले असतात आणि आरडाओरड्याला तोटा नसतो.