धंद्यासाठी ब्लॉग : वर्षभर चालवून बघितल्यावर

जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश हे आमचं काम. भागीदारीतला दोघांचा धंदा. जाहिरातीवर खर्च नको म्हणून ब्लॉग काढला, त्याला आता वर्ष होत आलं. ब्लॉगमुळे गिऱ्हाईक येतं का, असं बरेच जण विचारतात. येतं, पण थोडं आणि उशिरा. पुढच्याच महिन्यात ऑर्डरी हव्या असतील तर या वाटेला जाऊ नका. नव्या साइटवरचा लेख गूगलच्या नोंदीत यायलाच कधी काही दिवस, कधी आठवडे जातात. शोधात तो वर सरकणं त्याच्याही पुढची गोष्ट.

सर्वांत चाललेला लेख आहे टेबलावरच्या डागांचा. गरम कपाखाली पडलेला पांढरा डाग म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेली ओल. तो बहुतेक वेळा घरच्या घरी घालवता येतो. डाग काळा असेल तर पाणी लाकडापर्यंत पोचलेलं असतं. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी प्रक्रिया होऊन तो रंग येतो, आणि मग वरचं पॉलिश काढल्याशिवाय इलाज नसतो. हे सगळं खुलासेवार लिहिलं तेव्हा भागीदार वैतागला होता: "सगळं फुकट सांगितलंस, तर आपल्याकडे येणार कोण?" झालं असं की, पांढऱ्या डागवाल्यांचे फोन थांबले (त्या कामात तसंही काही सुटत नव्हतं) आणि काळ्या डागांचे फोटो यायला लागले.

दुसरा कामाचा लेख पॉलिश ओळखण्याचा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकायचा. थर चिकट झाला तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. नाहीच झाला आणि लॅकर थिनरने विरघळला, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा पक्का थर. चौकशीचा फोन आला की आम्ही याच लेखाची लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवतो. समोरचा माणूस तपासून, फोटो काढूनच पुन्हा बोलतो, त्यामुळे अंदाजपत्रक लवकर निघतं. माझ्या मते ब्लॉगचा खरा फायदा हा आहे. नवं गिऱ्हाईक किती आलं यापेक्षा फोनवरचा वेळ वाचला, हे मला जास्त जाणवतं. ‘आमच्याविषयी’ आणि सणांच्या शुभेच्छांची पानं कुणी उघडतसुद्धा नाही.

साधनांबद्दल थोडं. ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर, वर्डप्रेस, स्वतःच्या डोमेनवर (साइटच्या पत्त्यावर) टाकलं आहे. सॉफ्टवेअर फुकट असतं, डोमेन आणि होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेचे) पैसे पडतात. आमच्या होस्टिंगवाल्याने पहिल्या वर्षाला स्वस्त दर लावला आणि नूतनीकरणाचं बिल भलतंच मोठं पाठवलं, तेव्हा घेतानाच दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. डोमेन मात्र साइट बनवून देणाऱ्याच्या नव्हे, स्वतःच्याच नावावर घ्या. फोनमधले फोटो जसेच्या तसे चढवू नयेत. पान जड होतं. पानावरचा मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. फोटो आकाराने लहान करून टाकले की आमच्यासारख्या साध्या साइटला तेवढं पुरतं. महागडी थीम (साइटचा तयार साचा) लागत नाही.

गूगलचं सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे आणि रोज नाही, पण महिन्यातून एकदा बघण्यासारखं आहे. लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत आले आणि कुठला लेख दिसूनही उघडला गेला नाही, ते तिथे कळतं. दहाव्या-बाराव्या क्रमांकावर अडकलेल्या लेखाचं शीर्षक बदलून, त्यात दोन चांगले फोटो घालणं हे नवा लेख लिहिण्यापेक्षा जास्त फळतं, असा माझा अनुभव. आकडे 16 महिन्यांचेच राहतात, म्हणून अधूनमधून उतरवून ठेवतो.

एक बदल अलीकडे दिसतोय. शोधाच्या पानावरच एआयचं तयार उत्तर येतं, त्यामुळे चार ओळींत संपणाऱ्या लेखांवर लोक कमी येतात. एखादी मोडकी खुर्ची कशी उभी केली, कुठे अडलो, किती दिवस लागले, असे फोटोंसकट लिहिलेले लेख अजून वाचले जातात. लिहायला तेच जास्त वेळ खातात. कामाच्या मध्येच हात पुसून फोटो काढायचा भागीदाराला कंटाळा येतो, तो भाग वेगळा.

आता दरांवर लेख लिहायचा आहे. कुठल्या कामाला साधारण किती पडतात आणि का, हे सर्वांत जास्त विचारलं जातं. भागीदाराचं म्हणणं, आकडे छापले की बाजूचे दुकानदार त्याच्याखाली दर लावतील. मसुदा तसाच पडून आहे.