पाच हजारांच्या पासाचा हिशेब

कॅन्सर संशोधन आणि रुग्णसाहाय्याच्या निधीसाठी गेल्या शनिवारी लोअर परळच्या एका हॉटेलात गाला डिनर झालं. पास ५,००० रुपयांचा. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, एवढे पैसे एका संध्याकाळी खर्च करायची आमच्या घरात सवय नाही. वहिनी आणि मी सहा महिने बाजूला टाकत होतो. पुढच्या वर्षी जाऊ की नको असं चौघीजणींनी विचारलं, म्हणून हे सविस्तर.

पासाच्या मागेच छापलं होतं की १,४०० रुपये जेवण आणि हॉलचे, उरलेले ३,६०० निधीत. हे मला फार आवडलं. आत शिरताना भिंतीवर गेल्या वर्षीचा खर्च लावलेला, मराठीतसुद्धा. औषधांपेक्षा रुग्णांच्या राहण्याच्या खोलीभाड्याचा आकडा मोठा होता. माझ्या बाजूचे एक काका ते बघून बुचकळ्यात पडले, पण मला त्यात नवल वाटलं नाही. २०१९ मध्ये परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात माझ्या केमोच्या आठ सायकली, म्हणजे औषधाच्या फेऱ्या, झाल्या. मी जवळच्याच चिंचपोकळीची, संध्याकाळी घरी आपल्या अंथरुणावर. डे केअरला, जिथे केमो देतात, माझ्या शेजारी तीनदा पश्चिम बंगालमधल्या मालद्याची एक बाई आली. दोन सायकलींमधले एकवीस दिवस ती आणि तिचा नवरा जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर काढायचे. गावी जाऊन यायला रेल्वे तिकिटात सवलत देते, पण नवऱ्याची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? पुढे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांना जागा मिळाली. त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा तिच्या मुलींची नावं सांगितली. तोवर आमचं बोलणं फक्त उलट्या आणि रिपोर्ट यांवरच व्हायचं.

संशोधनाचा भाग एका तरुण डॉक्टरांनी सांगितला. वीस मिनिटं, आणि अख्ख्या कार्यक्रमात तीच सगळ्यात मोलाची. दात काढताना हिरडी बधिर करायला जे लिग्नोकेन टोचतात, तेच स्तनातली गाठ काढायच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती टोचायचं, एवढाच प्रयोग. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांत १,५८३ बायकांवर तो झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के. माझं ऑपरेशन झालं तेव्हा हे निष्कर्ष यायचे होते. वहिनीने माझा हात धरला तो भाषण संपेपर्यंत सोडला नाही. गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून करायच्या तपासणीचंही त्यांनी सांगितलं. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवरचा तो अभ्यास. वस्तीतल्याच बायकांना शिकवून तपासणी करून घेतली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. निधीतून संशोधन म्हणजे मोठाली यंत्रंच असं वाटणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं. त्या वेळी निम्मी टेबलं रिकामी होती, लोक बाहेर फोटो काढत होते. भाषण लिलावाच्या आधी ठेवा, असं मी आयोजक ताईंना सांगितलं.

लिलाव पाऊण तास चालला. चित्रं, सही केलेली बॅट वगैरे. तो लांबला म्हणून जेवण पावणेदहाला लागलं.

आता जे खटकलं ते. लिलाव संपल्यावर एका आईला लेकासह मंचावर बोलावलं. मुलगा सहा-सात वर्षांचा, केस गेलेले, तोंडाला मास्क. निवेदक तिला विचारत राहिला, "डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा काय वाटलं?" ती पदर बोटाला गुंडाळत उभी. लोकांनी पाकिटं उघडावीत म्हणून तिला ते सगळं पुन्हा जगायला लावलं. हे करू नये. पैसे भिंतीवरच्या त्या तक्त्याकडे बघूनही दिले असते आम्ही. शिवाय केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या, संसर्ग पटकन होणाऱ्या पोराला तीनशे माणसांच्या बंद हॉलमध्ये का आणायचं?

जेवण चवीला उत्तम, पण पाहुणे म्हणून बोलावलेल्या रुग्णांचा विचार त्यात नव्हता. केमोने तोंड सोललेलं असताना तिखट पनीर आणि तंदुरी रोटी कशी उतरणार? वहिनी सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथल्या एका वाढप्याने दहा मिनिटांत मऊ दहीभात आणून दिला, मिरची-मोहरी काही न घालता. त्या आईने लेकाला भरवला, मग उरलेला स्वतः खाल्ला.

जाताना एक आजोबा ८,००० रुपये रोख देत होते. काउंटरवरच्या मुलीने त्यांना थांबवून समजावलं की २,००० च्या वर रोख दिलं तर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलत मिळत नाही, आणि चेक घेतला. आमची पावती मंगळवारी ईमेलवर आली, नावाचं स्पेलिंगही बरोबर.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी जाणार आहोत. मंचावरच्या त्या प्रकाराबद्दल आणि मऊ जेवणाबद्दल मी संस्थेला पत्र लिहिलंय. दहीभात करून द्यायला वहिनी स्वतः तयार आहे, तेही त्यात लिहिलंय.