स्टारड्यू व्हॅली : झारीपासून स्प्रिंकलरपर्यंत

सोयाबीनची पेरणी उरकल्यावर हा गेम फोनवर घेतला. आता तुरीच्या शेंगा भरत आल्यात. एवढं खेळल्यावर मत मांडायला हरकत नाही. शेतकऱ्याचं पोर शेतीचाच गेम खेळतंय म्हणून लातुरातल्या मित्रांनी हसून घ्यायचं तेवढं हसून घेतलं.

एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षं खपून चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतः केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गेम आणला. त्याच एप्रिलात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. इथे मात्र तळ्यात झारी बुडवा, पाणी कधी आटतच नाही!

तरी सगळी गंमत पाणी देण्यातच आहे. तंगी पाण्याची नाही, अंगातल्या ताकदीची. सुरुवातीला ऊर्जा २७०. झारीच्या एका खेपेला २ जातात आणि भिजतो एकच चौकोन. हावरटासारखे सत्तर चौकोन पेरले की निम्मी ताकद सकाळीच खलास. मग खाणीत काय उतरणार? आणि खाणीतल्या धातूशिवाय पुढची अवजारं नाहीत. झारी सुधारायला लोहाराकडे दिली की दोन दिवस हाती लागत नाही. म्हणून टीव्हीवर अंदाज बघायचा. उद्या पाऊस म्हटला, की आज पाणी देऊन झारी टाकायची. उद्याचं पाणी पाऊसच देतो, परवा झारी परत. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा अंदाज खरा ठरतो हे बघून अण्णा म्हणाले, "कुठलं गाव हाय रे हे?"

खाणीत चाळिसाव्या मजल्याखाली लोखंड, ऐंशीच्या खाली सोनं. ते आणून, शेतीची सहावी पातळी गाठून, आजूबाजूचे आठ चौकोन भिजवणारे स्प्रिंकलर बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार उघडलं तर वाफे आधीच ओले, आणि दिवस अख्खा मोकळा. पहिल्या दिवशीच स्प्रिंकलर हातात दिले असते तर त्यांचं काही वाटलं नसतं.

हंगाम २८ दिवसांचा. बदलला की उभं पीक वाळतं. फुलकोबीला १२ दिवस लागतात, म्हणजे १६ तारखेनंतर लावली तर खताशिवाय बी वाया. मालाच्या भावाचं मात्र पटत नाही. विक्रीच्या पेटीत कितीही माल टाका, दर पडत नाही. मोंढ्यात ज्याने एकदा सोयाबीन घातलंय त्याला हे पचणार नाही.

एकदा पैसे भरले की जाहिराती नाहीत, नेट लागत नाही. शेतावर रेंज नसली तरी चालतो. मराठी सोडा, हिंदीही नाही. एक दिवस साधारण चौदा मिनिटांत संपतो, त्यामुळे 'आणखी एकच दिवस' करत रात्र जाते. फोनवर मासेमारी मात्र डोकं फिरवते: हिरवी पट्टी माशावर धरून ठेवायची आणि मासा उड्या मारत सुटतो. लॅपटॉप असेल तर सरळ त्यावरच घ्या.