परक्या अरण्यातील फुलाची ओळख : आयनॅचरलिस्ट ॲपचा अनुभव

जर्मनीतील हाइनिख राष्ट्रीय उद्यानात एप्रिलमध्ये बीच वृक्षांना पालवी फुटण्याआधी ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचते, आणि तेवढ्या थोड्या आठवड्यांतच रानातली बहुतेक फुले उमलून घेतात. तिथल्या पायवाटेच्या कडेला मला जांभळ्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही रंगांत एकत्र वाढलेली, मागे वाकलेल्या नळीची फुले दिसली. राष्ट्रीय उद्यानात फूल तोडता येत नाही आणि ते योग्यच आहे. त्यामुळे ओळख पटवायची तर ती छायाचित्रांवरूनच. त्यासाठी मी आयनॅचरलिस्ट हे ॲप वापरले. ते छायाचित्रावरून नाव सुचवते आणि टाकलेल्या नोंदीवर इतर वापरकर्तेही आपली ओळख नोंदवतात.

२००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेला हा उपक्रम २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालतो. ॲप विनामूल्य असून त्यात जाहिराती नाहीत.

फुलाचे पहिले छायाचित्र दाखवताच ॲपने कोरिडॅलिस ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) खात्रीने सांगितली आणि जातीच्या पातळीवर मात्र कोरिडॅलिस काव्हा व कोरिडॅलिस सॉलिडा असे दोन पर्याय पुढे ठेवले. माझ्या मते या ॲपचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. दुसऱ्या एका ॲपने त्याच छायाचित्रावर एकच नाव ठामपणे दिले होते आणि ते पुढे चुकीचे ठरले. नुसत्या फुलावरून या दोन जाती वेगळ्या करणे खरोखरच कठीण आहे. फरक पाहायचा असतो तो प्रत्येक फुलाच्या देठाखाली असलेल्या छोट्या पानात, म्हणजे छदात : काव्हामध्ये छद अखंड कडेचा असतो, तर सॉलिडामध्ये तो बहुधा बोटांसारखा चिरलेला असतो. काव्हाचा कंद पोकळ आणि सॉलिडाचा भरीव असतो, पण ते पाहण्यासाठी रोप उपटावे लागेल, म्हणून तो मार्ग सोडूनच द्यावा.

ॲप एका वेळी एकाच छायाचित्रावरून सूचना करते, हे ध्यानात ठेवणे फार आवश्यक आहे. मी दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत गेलो, गुडघ्यांवर बसून छदांचे, पानांचे आणि खोडाच्या तळाचे जवळून छायाचित्रे घेतली व ती सर्व एकाच नोंदीत जोडली. छद अखंड होते. दोन दिवसांनी एका जाणकाराने खोडाच्या तळाशी, सर्वांत खालच्या पानाच्या खाली, खवल्यासारखे पान आहे का, असे विचारले. सॉलिडामध्ये ते असते, काव्हामध्ये नसते. माझ्या छायाचित्रात ते नव्हते, आणि त्यांनी काव्हा या नावाला दुजोरा दिला. तारीख, ठिकाण व छायाचित्र असलेल्या नोंदीवर किमान दोघांनी ओळख नोंदवली आणि दोन-तृतीयांशाहून अधिक जणांचे जातीवर एकमत झाले, की ती 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी, होते. अनोळखी माणसांनी परक्या पाहुण्याच्या एका फुलासाठी इतका वेळ द्यावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

शास्त्रीय नावांमुळे स्थानिक भाषा येत नसल्याची अडचणही जाणवली नाही. अरण्यात नेटवर्क नसले तरी बिघडत नाही; छायाचित्रात स्थळ आणि वेळ नोंदली जात असेल, तर मुक्कामी पोहोचल्यावर नोंद करता येते. जाणकारांचे उत्तर कधी तासाभरात येते, कधी अनेक दिवस येत नाही. ज्यांना वाटेतच नाव हवे आहे त्यांनी हे गृहीत धरावे.

ॲपच्या सूचनेवर विसंबून कोणतीही रानवनस्पती खाऊ मात्र नये. काव्हाचा कंद विषारी आहे, आणि युरोपातल्या अशाच रानांत खाण्याजोग्या रानलसणाची पाने विषारी लिली ऑफ द व्हॅलीच्या पानांशी सहज गल्लत होईल इतकी सारखी दिसतात.